गंगूवहिनीची दोन उत्तरं

गंगूवहिनी गेल्याची चिठ्ठी किन्हवलीहून दुपारच्या गाडीच्या कंडक्टरने आणून दिली. 'बाई गेल्या. निघून या.' मी सवयीने घड्याळाकडे पाहिलं आणि कधी पोचेन याचा हिशेब मांडू लागलो... मग माझी मलाच लाज वाटली. तिला जाऊन आता महिना झाला, तरी ती लाज जात नाही. माझा असाच एक हिशेब तिला फार महागात पडला होता.

लढाईचे दिवस होते. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, म्हणजे बहुधा चालतच नसत. मुरबाडजवळच्या आमच्या गावी दादाला, माझ्या थोरल्या भावाला, ताप चढला तेव्हा शहापूरच्या डॉक्टरांकडे नेण्यासाठी वडिलांनी बैलगाडी जुंपायचं ठरवलं. मी सहावीत, गणितात पहिला. वहिनीने विचारलं, "भावजी, कदी पोचू आमी?" मी ऐटीत सांगितलं, वीस मैल, ताशी अडीच मैल, आठ तास. सकाळी सहाला निघा, दोनला डॉक्टरांच्या दारात. ते तसेच निघाले. पण आजाऱ्याला धक्के बसू नयेत म्हणून गाडी हळू हाकावी लागली, प्रत्येक चढानंतर बैल सोडून त्यांना विसावा द्यावा लागला. पोचेस्तोवर दिवस मावळला आणि डॉक्टर दुसऱ्या गावी रोगी बघायला गेलेले. दादा तिथेच, गाडीतच गेला. वहिनीने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

पुढे तिचे वडील तिला न्यायला आले. माहेरी जाऊन भावांच्या संसारात जन्मभर राबायचं, एवढंच तिच्यापुढे होतं. तिने हट्टाने सांगितलं, मी सातवीची फायनल परीक्षा देऊन मास्तरीण होणार. "एकदा बस," वडील म्हणाले, "नापास झालीस तर मुकाट्याने घरी यायचं." मी त्याच वर्षी फायनलला बसत होतो, म्हणून तिला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. हौद भरणारे नळ तिने चुटकीसरशी सोडवले. आगगाडीत ती जन्मात बसली नव्हती, पण आगगाडीची गणितंही अचूक. बैलगाडी आली की मात्र तिचं उत्तर दोन-तीन तासांनी जास्त यायचं. एकदा मी वैतागून ओरडलो, "वहिनी, गणितातले बैल थकत नाहीत!"

"मंग त्या गाडीत माणूस बसलेला नसल," ती हळूच म्हणाली.

त्या दिवशी पुस्तक तिथेच मिटलं. पण परीक्षा जवळ येत होती. शेवटी मी तिच्यापुढे हात जोडले. "वहिनी, एवढं एकदाच माझं उत्तर लिहा."

"लिवीन," ती म्हणाली, "पन पुढं पोरांना तसंच शिकवा, असं नका सांगू."

कल्याणला पेपरात बैलगाडी आलीच. बाहेर आल्यावर वहिनी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "तुमचं उत्तर लिवून आले, भावजी." ती पास झाली. मीही झालो, पण त्याचा आनंद झाल्याचं काही आठवत नाही.

किन्हवलीच्या शाळेत ती जन्मभर शिकवत राहिली. वेगाच्या प्रत्येक गणिताला मुलांनी दोन उत्तरं लिहायची, एक पेपराचं, एक वाटेचं. इन्स्पेक्टर कपाळाला हात लावत. मीही चिडवायचो, "बाई, तुमच्या शाळेतल्या गाड्या कधी वेळेवर पोचतच नाहीत!" ती हसून म्हणायची, "येळेवर पोचतात की. आमची पोरं लवकर निगतात."

पेन्शनीत निघाल्यावरही मुलं तिच्या ओट्यावर वह्या घेऊन येत. परवा तिची खोली आवरताना फळीवर एका मुलीची वही सापडली, परत द्यायची राहून गेलेली. पेपराचं उत्तर, चार तास. वाटेचं उत्तर, नऊ तास. वहिनीने तांबड्या पेन्सिलीने 'बरोबर' अशी खूण केली होती आणि खाली लिहिलं होतं, 'गाडीत कोण होतं गं? मला येऊन सांग.'