निमकरसाहेबांच्या शेजारची सीट

विंग कमांडर वसंतराव निमकर यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला नव्हता. मी त्यांच्या गाडीच्या मागे होतो आणि गाडी ढकलत होतो.

साताऱ्याहून लखनौच्या एका संशोधन संस्थेत मी नुकताच रुजू झालो होतो आणि आलमबागेत भाड्याने राहत होतो. सकाळी दूध आणायला निघालो, तर कोपऱ्यावर हिरव्या रंगाची, दोन माणसांपुरती, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार उभी. आत टाय लावलेले एक गृहस्थ ताठ बसलेले. "भाईसाहब, ज़रा हाथ लगाएँगे?" म्हणाले. नाही म्हणायची सोय नव्हती, इतका तो आवाज अदबशीर आणि लष्करी होता. मी ढकलू लागलो. चढ आला तसा माझ्या तोंडून "आई गं!" निघाले. पुढून मान न वळवता प्रश्न आला, "कुठले तुम्ही?" म्हटले, साताऱ्याचा. "मग हा काय जोर झाला?"

गाडी सुरू झाली आणि साहेब दिसेनासे झाले. मी हात झटकतोय तोवर कॉलनीच्या बागेला वळसा घालून ते परत आले. इंजिन पुन्हा बंद पडेल या भीतीने त्यांना थांबता येत नव्हते. म्हणून त्यांनी मला जेवणाचे आमंत्रण हप्त्याहप्त्याने दिले. एका फेरीत म्हणाले, "संध्याकाळी घरी या!" पुढच्या फेरीत, "पाण्याच्या टाकीशेजारचं घर!" आणि त्याच्या पुढच्या फेरीत, "वांगं चालतं ना?" चालते, असे मी ओरडून सांगितले. ते ऐकून दूधवाला भैया आजतागायत मला वांगेवाले साहेब समजतो.

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी साहेबांचे कार्य, मूल्ये आणि व्यक्तिमत्त्व यांवर क्रमवार लिहावे, अशी सूचना केली आहे. पण साहेबांबद्दल क्रमवार लिहायचे तर गाडी मध्ये येते. ती तशीही नेहमी मध्येच येते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते.

हवाई दलात त्यांनी उभे आयुष्य विमानांच्या इंजिनांची देखभाल केली. त्यांच्या हातून गेलेले विमान कधी कुरकुरत परतले नाही, असे त्यांचे जुने सहकारी सांगतात. निवृत्तीनंतर त्यांनी लखनौच्या महाराष्ट्र मंडळाला शिस्त लावली. सभा वेळेवर सुरू होऊ लागल्या आणि त्याहून मोठा चमत्कार म्हणजे वेळेवर संपू लागल्या. मात्र मंडळाच्या आत आणखी एक मंडळ होते, ज्याची नोंदणी कुठे झाली नाही. ते म्हणजे आमचे धक्का मंडळ. लखनौत बदली होऊन येणारा प्रत्येक धडधाकट मराठी माणूस त्यात आपोआप दाखल होई. रविवारी सकाळी फोन वाजला की माझी मुलगी, जिला मराठी सगळे समजते पण बोलते हिंदीच, स्वयंपाकघरातूनच विचारी, "पापा, अंकल का है? धक्का?" त्या धक्क्यांनंतरच्या चहापोह्यांवर इथल्या कितीतरी घरांची मैत्री उभी राहिली आहे. बँक, फौज, विद्यापीठ असे आम्ही सगळे एरवी एकमेकांना कशाला भेटलो असतो?

साहेबांच्या प्रेमाची रीत समजायला मला वेळ लागला. माझी पत्नी शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होती तेव्हा ते रोज येत. "कसं आहे?" हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नाही. पहिल्या दिवशी खिडकीची कडी दुरुस्त केली, दुसऱ्या दिवशी खाटेचे हँडल आणि नंतर कुरकुरणारा पंखा. पत्नीला घरी सोडले तोवर शेजारच्या खोलीतले लोकही आपली खुर्ची घेऊन त्यांची वाट पाहू लागले होते. खाटेशेजारी बसून दोन शब्द बोलणे त्यांना जमत नाही. काहीतरी दुरुस्त करणे जमते. माझ्या पत्नीने मात्र त्या पंख्याच्या वाऱ्याचे फार कौतुक केले आणि मला ते पुरेसे कळले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. त्या गाडीतली दुसरी सीट साहेबांच्या पत्नीची, सुनंदावहिनींची. आणि ती सीट कित्येक वर्षे रिकामी होती.

झाले होते असे. एका जवळच्या लग्नाला दोघे निघाले. वहिनी पैठणी नेसून शेजारी बसल्या होत्या. ऐन जूनच्या दुपारी, चारबाग स्टेशनसमोर, ऑटो आणि हमालांच्या गर्दीत गाडीने राम म्हटला. साहेब उतरले आणि बोनेट उघडून आत शिरले. दोन कार्बोरेटरपैकी एक पेट्रोल जास्त ओढत होता आणि दुसरा रुसला होता. उघडी गाडी, डोक्यावर ऊन, भोवती बघ्यांचा गराडा. एक हमाल अदबीने वहिनींजवळ आला आणि म्हणाला, "मैडम, सामान कहाँ है?" वहिनी म्हणाल्या, "सामान बोनट में घुसा हुआ है, भैया. निकले तो ले जाना." त्यानंतर काही वेळाने इंजिन सुरू झाले. साहेबांनी विजयी मुद्रेने बोनेट लावले, आपल्या जागी बसले आणि "निघू या?" म्हणून शेजारी पाहिले. सीट रिकामी होती. वहिनी कधीच ऑटोने घरी गेल्या होत्या.

"या गाडीत मी परत बसणार नाही," एवढेच त्या घरी म्हणाल्या. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि साहेबांनी विचारले नाही. गाडी बंद पडते म्हणून, असे त्यांनी गृहीत धरले. आम्हीही तेच धरले. तेव्हापासून त्या सीटवर त्यांनी कुणालाही बसू दिले नाही. आम्ही वर्षानुवर्षे ती गाडी ढकलली, पण बसायला मिळाले नाही. एकदा आमच्या देशपांड्यांनी नुसती पिशवी ठेवली, तर साहेबांनी ती उचलून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "ती जागा मोकळी नाही."

कार्बोरेटर वर्षानुवर्षे जुळवूनही काही होईना, तेव्हा साहेबांनी सत्तरी उलटल्यावर घोषणा केली की, इंजिनच बदलायचे आणि त्याला फ्युएल इंजेक्शन बसवायचे. त्यांचा स्वभाव असा की आधी रीतसर परवानगी. आरटीओच्या खिडकीतल्या बाबूने अर्ज वाचला, साहेबांकडे पाहिले आणि काळजीने विचारले, "सर, इस उमर में इंजन बदलवा रहे हैं?" साहेब गंभीरपणे म्हणाले, "गाड़ी का, बेटा. मेरा अभी ओरिजिनल है."

अपघातात मोडलेल्या एका साध्या घरगुती गाडीचे धडधाकट इंजिन त्यांनी मिळवले. अंगणातल्या दशहरी आंब्याच्या फांदीला साखळी लावून जुने इंजिन काढले. नवे इंजिन जुन्या जागेत बसेना म्हणून त्याचे पाय नव्याने बनवून घेतले. टाकी बदलून आत जोराने पेट्रोल ढकलणारा पंप घातला. इंजेक्टरची फवारणी समान होते की नाही, हे पाहायला वहिनींच्या लोणच्याच्या बरण्या रांगेने मांडल्या. वहिनींनी बरण्यांकडे पाहिले, साहेबांकडे पाहिले आणि त्या वर्षीचे लोणचे पातेल्यात घातले.

गणेशोत्सवात साहेबांनी या विषयावर व्याख्यानही दिले. समजावताना म्हणाले, "कार्बोरेटर म्हणजे अंदाजाने मीठ घालणारी बाई. इंजेक्शन म्हणजे दर वेळी चव घेऊन, चमच्याने मोजून घालणारी." सभागृहाच्या मागच्या रांगेतून वहिनींचा आवाज आला, "अंदाजाने घालणारीच्या हातचंच जेवताय जन्मभर!" व्याख्यानाला त्यानंतर रंग चढला, पण वक्त्याचा उतरला.

अखेर तो रविवार आला. धक्का मंडळ सवयीने मागे उभे राहिले, हात टेकवून, पाय रोवून. साहेबांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले आणि गाडी अशी निघाली की भार टाकून उभे असलेले देशपांडे रस्त्यावर लांब झाले. त्यांना खरचटण्यापेक्षा बेकार झाल्याचे दुःख जास्त होते. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. पोहे मात्र त्या दिवशीही मिळाले, तेव्हा जिवात जीव आला.

पण साहेबांचा प्रश्न सुटला नव्हता. विमानतळच्या विमानतळ ज्यांच्या हुकुमावर हलले, त्या माणसाला बायकोला "चल" म्हणायला धीर होईना. त्यांनी मला मध्ये घातले. मी वहिनींना म्हटले, "वहिनी, गाडी आता बंद पडत नाही."

"गाडीचं कोण विचारतंय, शिर्के भावजी?" त्या म्हणाल्या. मग त्याच पुढे म्हणाल्या, "चौक बाजारात चिकनच्या भरतकामाची साडी धुवायला टाकलीये. ती आणायची आहे. त्यांना सांगा, जाणारच असतील तर येईन मी."

केसांना रुमाल बांधून वहिनी बसल्या. साहेबांनी दार लावताना ते तीनदा तपासले. गाडी निघाली. आम्ही व्हरांड्यात बसून राहिलो, परीक्षेला गेलेल्या मुलाच्या आईबापांसारखे. ऊन उतरले, चहा झाला, दुसरा चहा झाला. आणि माझा फोन वाजला.

"आलमबागेत आहोत, मेट्रोच्या खाली," साहेब अगदी हळू म्हणाले. "पेट्रोल संपलंय."

टाकी बदलताना पेट्रोलचा काटा जोडायचा राहिला होता! ज्यांनी इंजेक्टरमधून पडणारा थेंबन् थेंब बरणीत मोजला, त्यांनी टाकीत किती आहे ते पाहिले नव्हते. देशपांड्यांनी कपाळावर हात मारला. माझ्या डोळ्यांपुढे चारबाग उभे राहिले. आता ती सीट कायमची रिकामी राहणार, याची मला खात्री वाटली. माझ्या गाडीतून पेट्रोल काढून आम्ही कॅन भरला आणि धावलो.

मेट्रोच्या खांबाशेजारी हिरवी गाडी उभी होती. बघ्यांची गर्दी होतीच. मी बोनेटकडे पाहिले. ते बंद होते. साहेब त्यात नव्हते. ते आपल्या सीटवर बसले होते आणि शेजारच्या सीटवर वहिनी बसल्या होत्या. दोघांच्या हातात द्रोण होते आणि ठेलेवाला गाडीच्या दाराशी उभा राहून पाणी के बताशे, म्हणजे आपली पाणीपुरी, भरून देत होता. एका मुलाने विचारले, "आंटी, गाड़ी ख़राब हो गई?"

"नहीं बेटा, आराम कर रही है," वहिनी म्हणाल्या. "बरसों बाद."

मी कॅन पुढे केला. "वहिनी, पेट्रोल आणलंय."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी नकळत कॅन पाठीमागे घेतला. "इतक्या लवकर कशाला आलात, भावजी? आमचे अजून संपायचेत." मग हसून म्हणाल्या, "चारबागेलाही गाडी बंदच पडली होती. पण तेव्हा हे मला उन्हात टाकून तिच्यापाशी गेले. आज माझ्यापाशी बसलेत. मला कुठे जायची घाई होती का कधी?"

साहेब द्रोणातल्या पाण्याकडे बघत राहिले. त्यांचा उजवा हात सवयीने बोनेट उघडायच्या खटक्याकडे गेला, मध्येच थांबला आणि मग त्यांनी ठेलेवाल्याला सांगितले, "मेमसाहब को एक और. मीठा वाला." आम्ही कोपऱ्यावर जाऊन कॅन घेऊन उभे राहिलो. बराच वेळ उभे राहिलो आणि कुणाचीही तक्रार नव्हती.

आज निमकरसाहेबांच्या अमृतमहोत्सवानिमित्त आम्ही सगळे त्यांना वंदन करतो. त्यांनी आम्हाला वेळ पाळायला शिकवले, परक्या शहरात एकमेकांचे केले आणि एकही स्क्रू कधी सैल राहू दिला नाही. एक गोष्ट मात्र धक्का मंडळाने पाहून ठेवली आहे, ती इथे जाहीर करतो. मेट्रोखालच्या त्या प्रसंगाला आता बरेच महिने झाले. साहेबांची गाडी दर रविवारी दोघांना घेऊन निघते. आणि पेट्रोलचा काटा त्यांनी अजूनही जोडलेला नाही.

साहेबांना आणि वहिनींना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. टाकीत पेट्रोल मात्र बेताचेच असो. कॅन भरलेला आहे आणि आम्ही सावकाश येऊ.