सहा पायांच्या नवरदेवाच्या शोधात: लिंबागणेश ते केज

लग्नाच्या वाढदिवसाला कुठं जायचं, असं मी विचारलं आणि सुलभा म्हणाली, "बीडला." तिला तिथे नवरा शोधायचा होता. स्वतःसाठी नाही, तांदळाच्या दाण्याएवढ्या एका भुंगेऱ्याच्या मादीसाठी.

सुलभा माझी बायको. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाली आणि आता घरी भुंगेरे घेऊन बसते. दोन वर्षांपूर्वी लिंबागणेशला दर्शनाला गेलो होतो, तेव्हा ओढ्याकाठी तिला ही मादी सापडली. काळी, चकचकीत, पाठीवर चार पिवळे ठिपके, चिखलावर सुसाट धावणारी. कुठल्याच ग्रंथातल्या वर्णनाशी ती जुळेना. जात नवी असावी, असं सुलभाला वाटू लागलं. पण या किड्यांची खात्रीची ओळख पटते ती नरावरून. नर मिळेपर्यंत कागद कोरा.

नोव्हेंबरात पुण्याहून पहाटे निघालो. नगर, जामखेड, पाटोदा करत दुपारपर्यंत लिंबागणेश. रस्ता बराच सुधारलाय, पण गतिरोधक अचानक येतात, जपून.

देवाला नमस्कार उरकून बाई थेट ओढ्यात. पद्धत अशी: तांब्याने काठावर पाणी मारायचं, की भेगांत दडलेले किडे बाहेर पळतात. कपडे धुणाऱ्या दोघीतिघी बघत होत्या.

"काय हरवलं ओ ताई? कानातलं हाय का?"

"भुंगेरा शोधतेय," सुलभा म्हणाली.

"सोन्याचा?"

संध्याकाळपर्यंत त्याही तांब्याने पाणी मारत होत्या. किडे पुष्कळ निघाले, चार ठिपक्यांचा एकही नाही. मी मदत म्हणून गाडी जवळ आणली आणि ती चिखलात रुतवली. ट्रॅक्टरने ओढून काढली.

मांजरसुंब्याला रबडी खाऊन आम्ही केजला मुक्काम केला. लॉज साधा, पाणी गरम. दुसऱ्या दिवशी तेलगावच्या बाजूला उसाचे पाट बघायचं ठरलं होतं. पण अशी बरबटलेली गाडी घेऊन मी हलेना.

"किड्यांना गाडी स्वच्छ लागते का?" सुलभाने विचारलं. तरी मी वॉशिंगवर नेलीच. मालक सत्तारभाई. साठीचे, दाढी मेंदीने रंगवलेली. गाडी रॅम्पवर चढली. सुलभा तोंड फुगवून खुर्चीवर बसली.

"बाई कावून रागावल्या?" सत्तारभाईंनी मला हळूच विचारलं. मी मोबाईलवर भुंगेऱ्याचा फोटो दाखवला.

"ह्यो? ह्यो तर आमच्या रॅम्पखाली लई हाय. पाणी सोडलं की पळतोय."

खुर्ची रिकामी झाली. पुढचं मी पाहिलं ते असं: माझी बायको चांगल्या साडीत रॅम्पखाली गुडघ्यांवर, शेजारी सत्तारभाई पाइप धरून, आणि माझी गाडी अर्धवट साबणात. सुलभाने दोन पकडले, दोन्ही माद्या. तिसरा सत्तारभाईंनी चिमटीत धरून दिला. तिने भिंग लावलं. पुढच्या पायांची पावलं रुंद होती.

"नर!" ती इतक्या मोठ्यांदा ओरडली, की रस्त्यावरची जीप थांबली.

"मारणार का त्याला?" सत्तारभाईंनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "मलाही आवडत नाही ते. म्हणून एकच घेते." दोन माद्या तिने परत गाळात सोडल्या. तेलगाव राहिलं.

घरी आल्यावर नराच्या पायाला लागलेलं ऑइल काढण्यात तिचे दोन दिवस गेले. मग परदेशातल्या एका जुन्या संग्रहातून तिने मागवलेले फोटो आले. तिथे हीच जात होती, फार पूर्वी नाव दिलेली. तो एकुलता नमुना, ठिपके पार फिके पडलेले, म्हणून वर्णनात त्यांचा उल्लेखच नव्हता. म्हणजे जात नवी नव्हती. सुलभाचा चहा गार झाला. दोन वर्षं तिने नव्या जातीसाठी मनात एक नाव जपलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. काय होतं, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी ती पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. तो जुना नमुनाही मादीच होता. नर कुणीच पाहिला नव्हता. तिने लिहायला घेतलं. नमुन्याच्या चिठ्ठीवर स्थळ लिहिलं केज, जागा गाडी धुण्याच्या रॅम्पखालचा गाळ, आणि शोधणारा म्हणून पूर्ण नाव विचारायला सत्तारभाईंना फोन लावला.

"नवा निघाला का मंग?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. बायको आधीपासून माहीत होती. नवरा आजवर कुणाला दिसलाच नव्हता."

"आन् आता?"

"आता त्याच्यावर पूर्ण पान आहे."

मग सत्तारभाई म्हणाले, "बाई, तुमच्या साहेबांवर किती हाय?"

सुलभाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "त्यांचं निरीक्षण चालू आहे," ती म्हणाली आणि खुर्ची जरा सरकवून मला सूक्ष्मदर्शकापाशी जागा करून दिली.