सलोत्र्याचे उघड्या तोंडाचे हेल्मेट

माझे यजमान शांतलिंग जळकोटला जनावरांच्या दवाखान्यात होते. निजामाच्या राज्यात जनावरांच्या डॉक्टरला सलोत्री म्हणत. लांबलांबची गावे त्यांच्याकडे होती आणि हमरस्ता सोडला तर सगळी गाडीवाट. एकोणीसशे सेहेचाळीस साली, लढाई संपल्यावर, लष्कराने मोडीत काढलेली एक मोटारसायकल खात्याने त्यांना दिली. गावात तिला फटफटी म्हणत. पहिल्याच महिन्यात नळदुर्गच्या उतारावर ती घसरली आणि हे कपाळाला टाके घालून घरी आले. डोक्याला बांधलेल्या रुमालाच्या घड्या जाड होत्या म्हणून निभावले, असे डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून मी हट्ट धरला, हेल्मेट घ्यायचे.

सोलापूरच्या बाजारात तेव्हा लष्करी मालाचे ढीग पडले होते. आम्ही दोघे गेलो. दुकानात दोन तऱ्हेची हेल्मेटे होती. एक पोलादी, घुमटासारखे, कानांवर चामड्याचे पट्टे आणि हनुवटीखाली बांधायचा बंद; तोंड सगळे उघडे. दुसरे जाड चामड्याचे. त्यात कान, गाल झाकत, डोळ्यांवर मोठ्या काचा येत आणि नाकातोंडावर चामड्याची पट्टी बांधायची सोय होती. ते घातल्यावर आत कोण आहे हे सख्ख्या आईलाही कळले नसते.

ह्यांना पोलादी आवडले. पडल्यावर डोके तेच सांभाळील, हे मलाही दिसत होते. पण चाकाखालचा खडा उडून दातांवर बसला तर? संध्याकाळी किडे डोळ्यांत जातात, त्याचे काय? हनुवटीवर आपटले तर? हे म्हणाले, मला मागून येणाऱ्या बैलांची घुंगरे ऐकू यायला हवीत, वारा तोंडाला लागायला हवा. मी ऐकले नाही. चामड्याचे घेऊन आलो.

त्याच चैत्रात तेरणेच्या काठाने बुळकांडी आली. हा गुरांचा रोग. जनावर खाणे सोडते, हगवणीने खंगते आणि आठवड्यात जाते. एका गावाची दावण रिकामी झाली की ते गाव पेरणीला हात जोडून उभे. सास्तूर गावासमोर, नदीपलीकडच्या दोन वाड्यांत बैल पडू लागले होते. पाठोपाठ सास्तूरचाच नंबर होता, कारण सगळ्यांची गुरे एकाच नदीवर पाणी पीत. टोचायची लस सोलापूरहून बर्फाच्या पेटीत येई. बर्फाचे पाणी झाले की लस फुकट.

हे पेटी बांधून सकाळीच सास्तूरला पोचले, तर गावात एक जनावर नाही. गोठे रिकामे, शेण मात्र ताजे. गजराबाई नावाची एक म्हातारी ओट्यावर बसली होती. तिने हात हलवून सांगितले, बैलं इकली समदी. ह्यांना काही उमजेना. दुपारपर्यंत ते फटफटीवरूनच गल्लोगल्ली जनावरे शोधत फिरले. तहान लागली तेव्हा विहिरीवर जाऊन त्यांनी काचा वर केल्या, पट्टी सोडली आणि हेल्मेट काढून तोंडावर पाणी मारले. कठड्याआडून हरिबा नावाचा शेतकरी बाहेर आला.

"अवो सलोत्री साहेब, तुमी व्हय? आमी म्हनलं लेव्हीवाले आले."

त्या काळात सरकार शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य घेत असे, ती लेव्ही. धान्य तर जाईच, वर ते वाहून न्यायला गावाच्याच गाड्या आणि बैल जुंपत, आणि गेलेला बैल परत येईल तेव्हा खरा. खाकी चामड्यातले बिनचेहऱ्याचे माणूस फटफटीवर येताना पाहून पोरासोरांनी सगळी गुरे नदीपार पिटाळली होती. नदीपार म्हणजे जिथे बुळकांडी होती तिथेच. सुदैवाने गुरे आजारी जनावरांत मिसळली नव्हती, पण ती माघारी आणेपर्यंत पेटीत नुसते कोमट पाणी उरले होते.

हे घरी आले आणि न जेवता बसून राहिले. पुढची लस चार-सहा दिवसांत यायची होती आणि ती त्या हंगामातली शेवटची.

"ते पोलादी बदलून आणतो," ते म्हणाले. "फटफटी थांबायच्या आत त्यांना माझं तोंड दिसलं पाहिजे."

"आणि त्या तोंडावर धोंडा बसला तर?"

"हनुवटी फुटली तर शिवता येते. बैल गेले तर पेरणी शिवता येत नाही."

डोळ्यांचे काय, असे मी विचारले. साधा चष्मा लावीन आणि वेशीबाहेर काढीन, असे म्हणाले. वेग कमी ठेवायचे कबूल केले. दुसऱ्या दिवशी सोलापूरला जाऊन ते हेल्मेट बदलून आले.

आता सासूबाई उभ्या राहिल्या. पार्वतम्मा त्यांचे नाव. माहेर पार कानडी मुलखात आळंदकडे. हेल्मेट सुपात ठेवून त्यांनी ते लांबून पाहिले.

"कुण्या मेल्या गोऱ्याच्या डोक्यावरचं असंल. माझ्या लेकाच्या डोक्यावर न्हाय चढायचं. आन् लांबून फौजदारच दिसतंय की हे."

ह्यांनी सांगितले, "अव्वा, नुसत्या रुमालानं डोकं फुटतंय."

"मग त्याच्यावरनं रुमाल बांध."

सासूबाईंनी हेल्मेटच्या आत विभूतीची तीन बोटे ओढली आणि आपले म्हणणे संपल्यासारख्या चुलीकडे गेल्या.

रुमाल बांधण्यात एक धोका होताच. वाऱ्याने घडी सुटली आणि टोक चाकात गेले तर मानच जायची. म्हणून मी मागे लोंबणारा शेमला ठेवलाच नाही. हेल्मेटच्या कडेच्या चामड्याला मी रुमालाच्या सगळ्या घड्या शिवल्या. लहानपणी मी शिकले त्या कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हांला जाड कापडाचा दुहेरी टाका घालायला शिकवत, तोच टाका. मग घडी धरून हेल्मेट झटकून पाहिले. एक दोरा हलला नाही.

लस आली त्या दिवशी हे निघाले. सास्तूर जवळ आले असता ओढ्याच्या उतारावर पुढचे चाक गाडीच्या चाकोरीत अडकले आणि हे हँडलवरून दगडांत फेकले गेले. हेल्मेटला आंब्याएवढा पोचा पडला. डोक्याला खरचटलेही नाही. हनुवटी मात्र फाटली. लसीची पेटी कडब्यात गच्च आवळलेली होती, ती शाबूत राहिली. त्यांनी हँडल सरळ केले, चष्मा खिशात टाकला आणि तसेच रक्त गळत्या तोंडाने वेशीतून आत गेले.

पोरे पळायच्या बेतात होती. गजराबाई ओट्यावरून उठली.

"थांबा रं मुडद्यानू. त्यो आपला सलोत्री हाय. सोताचं रगात सांडत लेव्हीवाला कवा आलाय का?"

तिने त्यांना ओट्यावर बसवून हनुवटीत हळद भरली. हरिबाने हलगी वाजवली. अर्ध्या तासात चावडीसमोर बैलांची रांग लागली, मागे गाई, मागे वासरे, लपवून ठेवलेला पाटलाचा खोंडसुद्धा. लोक शिंगे धरत होते आणि हे टोचत होते. गजराबाई रांगेत घुसणाऱ्यांना काठीने मागे सारत होती. दिवे लागायच्या सुमाराला शेवटचे वासरू झाले आणि लस पुरून उरली, ती त्यांनी रात्री मुक्काम न करता शेजारच्या वाडीत नेऊन संपवली.

बुळकांडी सास्तूरच्या शिवेला येऊन थांबली. आत आली नाही. मृगात गावाने पेरणीची सगळी पाभर आपल्याच बैलांवर चालवली. मग लांबलांबच्या गावांतून माणसे जळकोटला येऊ लागली, आमच्याकडं कवा येता म्हणून विचारू लागली. फटफटीचा आवाज आला की जनावरे नदीकडे न जाता चावडीकडे निघत.

पोळ्याला सास्तूरहून गाडी आली आणि आम्हां तिघांना घेऊन गेली. मिरवणुकीत पहिला मान पाटलाच्या बैलाचा असतो. त्या वर्षी पाटलाने आपला बैल मागे धरला आणि ह्यांना पुढे चालायला लावले. ह्यांच्या हनुवटीवरचा वण उठून दिसत होता. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मागून हलगीवर बैल येत राहिले, रंगवलेल्या शिंगांचे, झुली घातलेले, एकामागून एक, आणि वेशीतून मारुतीपर्यंतची वाट त्यांना पुरेना.