बॉडीचा स्क्रू

लाल दिवा लागला आणि नानांच्या जीपमधली धडधड तिथल्या तिथं बंद पडली.

नाना श्रीगोंद्याचे ऊसवाले. "काय वो मिस्त्री, मघाशी तर लई बोलत हुता!" ते म्हणाले. दुकानाचे मालक, शेठ, माझ्याकडं बघत होते. त्यांचीच मला धास्ती.

नव्वदच्या दशकात केडगावच्या एका दुकानात मी गाड्यांना टेप बसवायचो. नवाच होतो. नानांनी चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर आणला होता. एक चॅनेल एका स्पीकरचा आवाज वाढवतो. नानांना चार स्पीकर तर हवेच होते, वर सबवूफरही, म्हणजे धडधड वाजणारा मोठा स्पीकर. शेठ म्हणाले, सबला वेगळा अ‍ॅम्प घ्या. मी मध्येच तोंड घातलं.

"दुसरा लागत नाही. पुढचे दोन स्पीकर दोन चॅनेलवर, उरलेले दोन चॅनेल जोडून सबला. मागचे दोन स्पीकर टेपवरच वाजतील."

या जोडण्याला ब्रिज म्हणतात. एका चॅनेलची प्लस, दुसऱ्याची मायनस घ्यायची. दोघांची ताकद एकाच स्पीकरला मिळते.

"कर," शेठ म्हणाले. "नाही जमलं, तर उद्यापासून कॅसेटच्या काउंटरला बस."

दिवसभर कॅसेटी विकायच्या? माझ्या अगदी जिवावर आलं असतं.

आणि आता हा लाल दिवा. याचं नाव प्रोटेक्ट. काही चुकलं की अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला बंद होतो. मी सेटिंग पाहिलं, फ्यूज पाहिला. सगळं ठीक.

"सरक," शेठ म्हणाले. त्यांनी दुकानातला नवा दोन चॅनेलचा अ‍ॅम्प आणला, तोही ब्रिज केला आणि सबच्या वायरी त्याला लावल्या. "आता ऐका, नाना."

लाल दिवा.

"शेठ, तुमचा बी तसलाच हाय का?" नानांनी विचारलं.

अ‍ॅम्प दोन, रड एकच. म्हणजे घोळ वायरीत. मी मागच्या सीटखाली शिरलो. अ‍ॅम्पकडून सबला येणारी मायनस वायर वीतभर कमी पडली होती, म्हणून कुणीतरी ती जीपच्या बॉडीच्या स्क्रूला आवळली होती. कुणीतरी कसलं, मीच!

आधी घोडेगावात मी आठ वर्षं ट्रॅक्टरचं वायरिंग केलं होतं. हॉर्न असो की दिवा, वायर एकच न्यायची. मायनस म्हणजे बॉडी. हात सवयीनं तिकडं गेला. पण ब्रिजमधली मायनस नुसती नावाची. तिच्यातही करंट असतो, बॉडीला टेकली की शॉर्ट.

लूज कनेक्शन होतं म्हणून खपवता आलं असतं. पण नवा अ‍ॅम्प उगाच बदनाम झाला होता, आणि मला लाज वाटली.

"शेठ, चूक माझी. ट्रॅक्टरची सवय."

वायर जोडून वाढवली, नानांचाच अ‍ॅम्प परत लावला. जीपचा पत्रा थरथरायला लागला. "आता कसं!" नाना म्हणाले.

शेठ नवा अ‍ॅम्प खोक्यात भरत होते. "दुसरा लागत नाही म्हणत होतास ना?"

"वाजवायला नाही लागला," मी म्हणालो. "माझी चूक सापडायला लागला."

शेठनी हसू दाबलं. काउंटरचा विषय पुन्हा निघाला नाही. मी मात्र तेव्हापासून वायर वीतभर जास्तच कापतो.