आमचे जपून सर

विद्यापीठात आम्हाला उद्योजकता शिकवणारे सर रिकामा रस्तासुद्धा तीनदा डावीउजवीकडे बघून ओलांडत. वर्गात "धोका पत्करायला शिका" असं खड्या आवाजात सांगत आणि तास संपला की जिना उतरणाऱ्या आम्हा मुलींना "जपून गं, जपून" म्हणत. म्हणून त्यांचं नाव जपून सर.

सोलापूरच्या कडक उन्हात त्यांच्या पिशवीत छत्री असे, आणि ती मोडलीच तर म्हणून दुसरी. गाडी त्यांनी हौसेनं घेतली होती, पण चालवायच्या त्यांच्या पत्नी. सर शेजारी बसून ब्रेक दाबल्यासारखा पाय दाबत राहायचे.

"शिकून काय करणार?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. निम्मा वर्ग 'स्पर्धा परीक्षा' म्हणे. एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षी मी म्हणाले, "कडक भाकरीचा धंदा." वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"मग अडलंय कुठं?"

"दादा नको म्हणतात." दादा म्हणजे माझे वडील.

पुढच्याच रविवारी सर आमच्या गावी, कुंभारीला, दारात हजर! भांडवल, बाजारपेठ, ग्राहक असं बरंच बोलले. दादांनी निमूट ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाकरीच थापायची व्हती तर हिला एवढं शिकवलं कशाला, सर? आन् धंदा इतका चांगला, तर तुमी का न्हाय केला?"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, आता पुस्तकातलं काहीतरी सांगतील.

"घाबरलो," ते म्हणाले. "मित्र टॉवेलचे माग टाकू म्हणत होता. घरात कुणी 'कर' म्हटलं नाही आणि मला एकट्याला धीर झाला नाही. हिला धीर आहे. फक्त तुमचा शब्द पाहिजे."

दादा उठून दारापाशी गेले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "शेळ्यांचं शेड मोकळंच हाय की. तितं मांड चूल."

आता तिथं सहा बायका भाकऱ्या थापतात. निवृत्त झाल्यावर सर पुण्याला मुलीकडे राहायला निघाले, तेव्हा निरोप घ्यायला आले. मी पाया पडले, तर म्हणाले, "मी काय केलं गं? एक कप चहा प्यायलो."

तेवढ्यात दादांनी भाकरीची पाकिटं त्यांच्या पिशवीत कोंबली. "पुण्यात कुणी इचारलं, तर सांगा सर, माझ्या लेकीच्या कारखान्यातली हाय."

त्या शेडला कारखाना म्हणताना मी दादांना पहिल्यांदाच ऐकलं.