आठ औट अठ्ठावीस

पणतीने थुंकी लावून पाटी पुसली आणि त्या ओल्या वासासरशी मी नेवाशाकडच्या आमच्या शाळेत जाऊन पोचले. इंग्रज अजून जायचे होते.

साडेतीनच्या पाढ्याला तेव्हा औटकी म्हणत. ती मला माझ्या मैत्रिणीनं, सखूनं शिकवली, शाळेच्या वाटेवर, ज्वारीतून चालता चालता. पण मास्तरांपुढे तिची दातखीळ बसायची.

त्या दिवशीही मास्तरांनी तिला विचारलं, "आठ औट किती?" मग मीच म्हणाले, "अठ्ठावीस!"

ज्याला उत्तर येई त्यानं चुकलेल्याच्या थोबाडीत द्यायची, हा शाळेचा रिवाज. मी हलकेच मारली.

"गाल काय कुरवाळतेस? नीट मार!" मास्तर ओरडले.

मग मी अशी दिली, की चारही बोटं उमटली.

"शाब्बास!"

घरी जाताना सखू गाल धरून म्हणाली, "म्या शिकिवलेलं लई ध्यानात ऱ्हायलं बग तुझ्या." दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

मास्तरांना मी जन्मभर शिव्या घातल्या. पण खरं सांगू? तिचा गाल आठवला की वाईट वाटतं, आणि ते 'शाब्बास' आठवलं की बरं वाटतं. अजूनही.