आधी अंगाला विचारायचं

मंगळवारी सकाळी फोन आला तेव्हा मी एका ब्लाउजला हुक लावत होते. पलीकडे ओवे गावची सुनंदा, चांगुणाबाईंची सून. "आये गेली गो ताई," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "सानिकाला घेऊन या. एकट्या येऊ नका, तिला आनाच." चांगुणाबाईंचं वय झालं होतं, पंधरा दिवसांपूर्वी आम्ही मायलेकी त्यांना भेटूनही आलो होतो; तरी सुई बोटात गेलीच. पण खरं अस्वस्थ केलं ते त्या 'आनाच'ने. सानिका माझी मुलगी, वीस वर्षांची. तिनं जवळच्या माणसाचं मरण अजून पाहिलेलं नव्हतं, आणि चार वर्षांपूर्वी ती स्वतःच त्याच्या इतक्या जवळ जाऊन आली होती की… तिला तिथं न्यावं की नाही, हे नवीन पनवेलहून ओव्यापर्यंत रिक्षात बसूनही माझं ठरत नव्हतं. ती मात्र दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून बसून होती.

चांगुणाबाई मालीश करायच्या. बाळंतिणीची आणि बाळाची. त्यांच्या घराचे तीन मजले झाले होते, नातू दारापर्यंत गाडीनं सोडायला तयार असायचा, पण या बसनंच यायच्या. गाडीत बसलं की पाय झोपतात म्हणायच्या. लग्नाआधी मिठागरात राबलेल्या, त्यामुळे तळवे असे खरखरीत की सानिकाच्या बारशाआधी त्यांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पोरीला जवळ ओढून घेतलं होतं, की हे हात माझ्या एवढ्याशा पोरीला लागणार! त्यांनी पाय लांब केले, पोरीला पायांवर घेतलं आणि पोरगी रडायची थांबली. मग माझी पाळी. मी म्हटलं, "आधी पडदा ओढा." त्यांनी ओढला. मी म्हटलं, "पोटावरून साडी नका काढू." तेव्हा मात्र हसल्या. "अगो, मी काय तुला बगाया आलेय? माज्या हातांना डोले नाय." शेगडीवर तळवे शेकून त्यांनी माझ्या पोटावर ठेवले आणि नुसत्या थांबल्या. चोळणं नाही, दाबणं नाही. बऱ्याच वेळानं मीच विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "काय नाय. आदी आंगाला इचारायचं, मंगच हात चालवायचा."

माझ्या अंगानं तेव्हा काय उत्तर दिलं असेल कोण जाणे, कारण माझं आणि त्याचं कधीच पटलं नव्हतं. मी धंद्यानं शिंपीण, घराला लागूनच माझं दुकान. दिवसभर बायकांची मापं घेते, आणि माप देताना एकही बाई स्वतःबद्दल धड बोलत नाही. 'दंड बघा, कसले लोंबतायत', 'पाठीचं काही विचारूच नका', 'कंबर? कुठेय ती?' मीही त्यांच्यात सूर मिसळायची. आरशासमोरून जाताना स्वतःला म्हैस म्हणायची, दुसऱ्यांना वाढून उरलंसुरलं ओट्यापाशी उभ्यानं खायची, आणि सोसायटीतल्या बायकांच्या नादानं वजनकाटा आणला तेव्हा दर रविवारी त्यावर उभी राहून घरभर कुरकुरायची. सानिका लहानपणापासून हे सगळं ऐकत होती. पोरं ऐकतात, हे मला ठाऊक होतं. आपण बोलतो ते खरं मानून बसतात, हे ठाऊक नव्हतं.

अकरावीत गेल्यावर सानिकानं नवरात्र धरलं. नऊ दिवस कडक. इमारतीतल्या बायका म्हणाल्या, हल्ली अशा मुली मिळतात कुठे! मी फुलून गेले. नवरात्र संपल्यावर तिनं सोमवार धरला, मग गुरुवार, मग चतुर्थी, एकादशी, पुढे शनिवारही. कधी साबुदाण्याची खिचडी केली तर 'तेलकट नको', कधी रताळं तर 'एकच फोड'. मी देवापुढे हात जोडून म्हणायची, माझी लेक माझ्याहून धार्मिक निघाली. तिचे ड्रेस सैल व्हायला लागले आणि मी स्वतःच्या हातानं ते आत घेतले. एकदा नाही, चार वेळा. दर वेळी शिलाई उसवायची, टाके आत घ्यायचे, तिला घालून आरशासमोर उभी करायची आणि म्हणायची, "बघ, आता कशी दिसतेस!" पनवेलच्या उकाड्यात ती स्वेटर घालून बसायची. न्हाणीच्या जाळीत केस अडकायचे. पाळीबद्दल मी विचारलं तर 'येऊन गेली' म्हणायची, आणि मी मान डोलवायची. इतकी वर्षं बायकांची मापं घेतेय, आणि माझ्या पोटच्या पोरीचं माप माझ्या टेपवर आकसत चाललं होतं, तरी मला तो उपास वाटत होता.

पुढच्या वर्षी दिवाळीआधी चांगुणाबाई नातवाच्या हळदीसाठी ब्लाउज शिवायला टाकायला आल्या होत्या. सानिका पाणी घेऊन आली. त्यांनी पेला बाजूला ठेवला, तिचं मनगट धरलं, मग पाठीवरून सावकाश हात फिरवत खाली नेला. ती अंग चोरून आत निघून गेली.

"ही पोर उपाशी हाय," त्या म्हणाल्या.

"आज गुरुवार ना. उपास आहे तिचा."

"आजची नाय गो. लय दिसांची उपाशी हाय. देवाच्या आड लपतंय ते. तिला डॉक्टरकडं ने, उद्याच ने."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, तिची देवभक्ती तुम्हाला दिसत नाही का? त्या शांतपणे म्हणाल्या, "भक्ती करनारं मानूस जेवायला बसल्यावर घाबरत नाय. आनि हे तिनं कुनाकडनं घेतलंय, ते तू मला नको इचारू." यावर मी जे बोलले ते लिहितानाही हात अडखळतो. मालीश करणाऱ्या बाईनं आम्हाला शहाणपण शिकवू नये, असं म्हणाले मी. त्यांचं ब्लाउजपीस घडी करून परत त्यांच्या पिशवीत टाकलं. त्या उठल्या, दारात चपला शोधायला त्यांना वेळ लागला, मी मशीन चालवतच राहिले.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस घरात कसे गेले ते सांगणं कठीण आहे. त्यांनी सांगितलेलं खोटं पाडायचं म्हणून मी सानिकाच्या ताटावर नजर ठेवायला लागले, आणि जे दिसू नये तेच दिसू लागलं. पोळीचे तुकडे बारीक करून ती ताटभर पसरायची. वाटीतली आमटी जागची हलायची नाही. एकदा गॅलरीतल्या कुंडीत मातीखाली भात सापडला. मी कुंडी जागेवर ठेवली आणि कुणाला काही बोलले नाही, तिच्या वडिलांनाही नाही, कारण बोलले असते तर ते खरं झालं असतं. मग दिवाळीच्या ड्रेसचं माप घ्यायला मी तिला दुकानात उभं केलं. तिनं हात वर केले, मी छातीभोवती टेप गुंडाळला, आणि ती तशीच, हात वर असतानाच, माझ्या अंगावर कोसळली. मी तिला उचलून घेतलं. उचलता आलं… सोळा वर्षांची मुलगी मला एकटीला, सहज उचलता आली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हृदयाच्या ठोक्यांची पट्टी निघत असलेल्या यंत्राकडे बघत सांगितलं की हृदय फार हळू चाललंय, रक्तातले क्षार उतरलेत, पुढचे तीन दिवस काही सांगता येणार नाही. मी म्हटलं, उपासांमुळे झालं का? त्या म्हणाल्या, "हे उपास नाहीत. हा आजार आहे, आणि त्याला उपासाचं नाव मिळाल्यामुळे तो इतके दिवस लपला." चांगुणाबाईंचेच शब्द, फक्त शुद्ध भाषेत. ते तीन दिवस मी त्या यंत्राचा आवाज मोजत बसले होते. दोन टिकटिकींमध्ये जरा अंतर पडलं की मी उठून उभी राहायची. देवाला मी त्या तीन दिवसांत एकही नवस बोलले नाही, तोंडच नव्हतं.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी दारात चांगुणाबाई. मी बोलावलं नव्हतं, बोलवायचा धीरच नव्हता. मी काही म्हणायच्या आत त्यांनी पिशवीतून पितळेची वाटी काढली. "डॉक्टरीन सांगेल ते खायचं, सांगेल त्या गोल्या घ्यायच्या. त्यात मी पडनार नाय. मी माज्या कामाला आलेय." पण सानिका कुणाला हात लावू देईना. गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. बाईंनी तिची मनधरणी केली नाही. तेल कोमट केलं, चटई अंथरली, आणि स्वतःच लुगडं सोडून चटईवर आडव्या झाल्या. "मंग तूच माजं आंग दाब. गुडगे धरलेत माजे."

भर दुपार, खिडकी सताड उघडी. सत्तरीच्या पुढचं ते शरीर, पाच बाळंतपणं झालेलं पोट, ओघळलेली छाती, पिंढरीवर मिठागरातल्या जुन्या जखमांचे पांढरे डाग, आणि त्या मजेत डोळे मिटून पडलेल्या. लाजही नव्हती, मिरवणंही नव्हतं. सानिका वळून बघत राहिली. मला वाटतं, आपल्या शरीरावर न चिडलेली बाई ती आयुष्यात पहिल्यांदाच बघत होती; आमच्या घरात तिला ती दिसायची सोयच नव्हती. कितीतरी वेळानं ती सरकली आणि तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबून बघितलं. चांगुणाबाईंनी एक डोळा उघडला. "जोर नाय तुज्या हातात. परवा येते. तवर दोन घास खाऊन ठेव, माज्या गुडग्यांसाठी."

त्या दिवशी जाताना मला मात्र बाजूला घेतलं. "ते वजन करायचं यंत्र हाय ना, ते घरातनं काढ. आनि तू तिच्यासमोर बसून जेव. उभ्यानं नाय. ताट वाढून, पोटभर." मी म्हटलं, जेवेन. म्हणाल्या, "आनि जेवताना सवताला शिव्या द्यायच्या नाय." त्यांना वाटलं असेल, सोपं काम सांगितलंय. पहिल्या दिवशी लेकीसमोर पूर्ण ताट वाढून घेतलं तेव्हा माझा घास उतरेना. आम्ही दोघी एकमेकींच्या ताटाकडे बघत बसलो होतो, दोघीही घाबरलेल्या.

लगेच सगळं ठीक झालं असं कुणी समजू नये. समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे दर आठवड्याला जात होतो. दोनदा ती घसरली, एकदा पुन्हा दवाखान्यात ठेवावी लागली, कुंडीत भात पुन्हा सापडला. वर्षभर ती न्हाणीघरात गेली की मी दाराबाहेर कान देऊन उभी असायची. पण आठवड्यातून दोनदा चांगुणाबाई येत, आडव्या होत, आणि ती त्यांचं अंग दाबत असे. खांदा कुठे अडतो, पोटरीची गाठ कशी सुटते, त्या सांगायच्या. वजन, रंग, बारीक, जाड यातला एक शब्दही त्या चटईवर आला नाही. एके दिवशी त्या कण्हून म्हणाल्या, "हलू गो! मोडशील की मला!" आणि सानिका हसली. मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद केला आणि खाली बसून रडले. हळदीचं ते ब्लाउज मी नंतर शिवून दिलं. माफी मागायला गेले तेव्हा त्यांनी माझं बोलणं मध्येच तोडून, बाही जरा सैल ठेव, एवढंच सांगितलं.

ओव्याला पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. आतल्या खोलीत बायका शेवटच्या अंघोळीची तयारी करत होत्या. सुनंदा बाहेर आली, सानिकाचा हात धरला आणि म्हणाली, "आये सांगून गेलीय. तेल हीच लावनार." आतून एक म्हातारी कडाडली, घरात लेकी-सुना असताना परक्या पोरीचा हात? लग्न न झालेली ती! सुनंदा म्हणाली, "तिचा शब्द हाय मावशे. मी मोडनार नाय." सगळ्यांच्या नजरा आमच्यावर. मला सानिकाला तिथून ओढून परत न्यायचं होतं. जे शरीर बघून ती जगायला शिकली, तेच आता थंडगार पडलेलं तिला दाखवायचं? तिचा हात माझ्या हातातून कधी सुटला ते कळलं नाही. ती आत गेली. मी दारातून बघत होते. चुलीवरच्या पाण्याच्या वाफेवर तिनं तळवे शेकले, तेल घेतलं, आणि दोन्ही हात चांगुणाबाईंच्या पोटावर ठेवून थांबली. खोलीतल्या बायका मागे सरकल्या. कडाडलेली म्हातारीही. मग सानिकाचे हात चालू लागले, खांद्यांवरून, दंडांवरून, त्या गुडघ्यांवरून… हातात जोर होता.

आता दीड महिना झाला. ती पितळेची वाटी सुनंदानं आम्हाला दिली, ती माझ्या मशीनशेजारच्या फळीवर असते. गेल्या आठवड्यात माझी मान अशी धरली की दुपारी काम सोडून घरी आले. सानिका म्हणाली, "आडवी हो आई." मी म्हटलं, असू दे, मलम लावते. तिनं ऐकलं नाही. चटई अंथरली, तेल कोमट केलं. मी आडवी झाले आणि वीस वर्षांच्या सवयीनं माझा हात पडद्याकडे गेला. बाहेर लख्ख ऊन होतं. माझं पोट, माझे दंड, सगळं त्या उजेडात. सानिका वाटी हातात धरून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला जुनी भीती दिसली, की आता आई स्वतःबद्दल काय बोलणार…

मी हात मागे घेतला. तिनं शेकलेले तळवे माझ्या पोटावर ठेवले आणि थांबली.